वाचकांना चकवणारा खून आणि इझ्रायल झँगविल

लंडनमधून प्रसिद्ध होणाऱ्या ‘द स्टार’ या सायंदैनिकाच्या कचेरीत १८९१ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. ही पत्रे कोणत्या सरकारी धोरणाबद्दल नव्हती, की एखाद्या अपघाताबद्दल नव्हती. शहराच्या पूर्वेकडील बो या वस्तीत एका तरुणाचा खून झाला होता. खोलीचे दार आतून बंद, खिडक्या आतून बंद, शस्त्राचा पत्ता नाही. हा खून कोणी केला आणि मुख्य म्हणजे कसा केला, याविषयी वाचक हिरिरीने आपापले तर्क कळवत होते. खून अर्थात कागदावरचा होता. ‘द बिग बो मिस्टरी’ ही कथा त्या पत्रात रोज क्रमशः छापून येत होती आणि तिचे लेखक इझ्रायल झँगविल तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

आत शिरण्याची वाट नसलेल्या खोलीतील खून हा आज रहस्यकथेचा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये पॅरिसमधील एका बंद घरातील हत्येची लघुकथा लिहून त्याचा पाया घातला. परंतु त्या एकाच कोड्यावर संपूर्ण दीर्घ कथा उभी करण्याचे श्रेय बहुतेक जाणकार झँगविल यांनाच देतात. तरीही झँगविल स्वतःला रहस्यकथाकार समजत नसत. त्यांचे नाव पुढे ज्यू समाजाचे कादंबरीकार, नाटककार, स्त्रियांच्या मताधिकाराचे पुरस्कर्ते आणि एका मोठ्या राजकीय वादातील वादळी वक्ते म्हणून गाजले.

झँगविल यांचा जन्म २१ जानेवारी १८६४ रोजी लंडन येथे झाला. आई-वडील रशियन साम्राज्यातून इंग्लंडमध्ये आलेले गरीब ज्यू स्थलांतरित होते. वडील मोझेस हे फेरीवाले. धर्माचरणात अत्यंत काटेकोर असलेल्या या गृहस्थांनी उतारवयात जेरुसलेमला प्रयाण केले. मुलाचे बालपण प्लिमथ आणि ब्रिस्टल या शहरांत गेले. त्यानंतर कुटुंब लंडनला परतले आणि नवव्या वर्षी त्याचे नाव स्पिटलफील्ड्स येथील ज्यूज फ्री स्कूल या शाळेत घालण्यात आले. पूर्व युरोपातून येणाऱ्या निर्वासितांची मुले इंग्रजी भाषा आणि इंग्रजी रीतिरिवाज शिकत, ती प्रामुख्याने याच शाळेत.

याच शाळेत ते पुढे शिक्षक झाले. शिकवण्याचे काम सांभाळून त्यांनी लंडन विद्यापीठाची पदवी १८८४ मध्ये विशेष गुणवत्तेसह मिळवली. मात्र लेखनाची ओढ आणि शाळेची शिस्त यांचे जमेना. व्यवस्थापनाशी मतभेद वाढले आणि १८८८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी लुई कोवेन या मित्रासमवेत टोपणनावाने लिहिलेली त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. ‘एरियल’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादनही पुढे त्यांच्याकडे आले. जेरोम के. जेरोम यांच्या वर्तुळातील नव्या विनोदी लेखकांत त्यांची गणना होऊ लागली.

पूर्व लंडनचा तो काळ विलक्षण होता. व्हाइटचॅपलमधील स्त्रियांच्या हत्यासत्राने १८८८ मध्ये सारे शहर हादरले होते आणि मारेकरी अखेरपर्यंत सापडला नव्हता. त्याच वर्षी बो येथील आगपेट्यांच्या कारखान्यातील मुलींनी संप केला. पुढच्या वर्षी गोदी कामगार संपावर गेले. ‘द स्टार’चा जन्मही १८८८ चाच. अर्ध्या पेनीला मिळणाऱ्या या पत्राने हत्यासत्राच्या बातम्या भडक रंगांत छापून खप वाढवला होता. न सुटलेला खून, पोलिसांवरचा रोष आणि कामगारांचे पुढारी, हे सारे साहित्य झँगविल यांच्यासमोर आयतेच होते.

एका रात्री बंद खोलीत खून करणे शक्य आहे का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि उत्तरही जवळजवळ तत्क्षणी सुचले, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. ती कल्पना काही वर्षे तशीच पडून होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत संसद बंद असे, बातम्यांचा दुष्काळ पडे आणि वृत्तपत्रे समुद्रातील अजस्र सर्पाच्या दर्शनासारख्या वार्ता छापून रकाने भरत. त्या सर्पाला यंदा विश्रांती द्यावी अशी सायंदैनिकाच्या संपादकांची इच्छा झाली आणि त्यांनी झँगविल यांच्याकडे काही निराळे मागितले. पंधरवड्यात कथा लिहून झाली.

कथेचा प्रारंभ धुक्याने भरलेल्या डिसेंबरच्या सकाळी होतो. घरमालकीण श्रीमती ड्रॅबडम्प आपल्या तरुण भाडेकरूला, आर्थर कॉन्स्टंटला, उठवण्यासाठी दार ठोठावते. आतून उत्तर येत नाही. घाबरून ती समोर राहणाऱ्या ग्रोडमन या निवृत्त गुप्त पोलीस अधिकाऱ्याला बोलावते. दार फोडले जाते. आत कॉन्स्टंट गळा चिरलेल्या अवस्थेत बिछान्यावर पडलेला आढळतो. शस्त्र सापडत नाही म्हणून ती आत्महत्या नव्हे. दारा-खिडक्यांच्या कड्या आतून घातलेल्या आहेत आणि धुराड्यातून माणूस शिरणे शक्य नाही म्हणून तो खूनही नव्हे. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांपुढे असा पेच उभा राहतो की, दोन्हींपैकी एक घडलेच पाहिजे आणि दोन्ही घडणे अशक्य आहे.

या कथेचा खरा रस केवळ कोड्यात नाही. मृत तरुण श्रीमंत घरातला, पण गरिबांसाठी झटणारा. त्याच घरात टॉम मॉर्टलेक हा कामगारांचा लोकप्रिय पुढारी राहतो. ग्रोडमनचा प्रतिस्पर्धी असलेला स्कॉटलंड यार्डचा विम्प त्याच्यावर संशय धरतो. मृताच्या तैलचित्राचे अनावरण करण्यासाठी खुद्द ग्लॅडस्टन यांना कथेत आणण्यात आले आहे. ते तेव्हा हयात होते आणि वर्षभरातच चौथ्यांदा ब्रिटनचे पंतप्रधान होणार होते. त्यांच्याच उपस्थितीत, भर सभेत विम्प मॉर्टलेकला अटक करतो. पुढे खटला उभा राहतो, फाशीची शिक्षा सुनावली जाते, दयेचे अर्ज निघतात, गृहमंत्र्यांचे दार ठोठावले जाते. एका माणसाचा जीव पुराव्यावर नव्हे, तर कोणाचा तर्क अधिक पटण्याजोगा आहे यावर टांगणीला लागतो. हसतखेळत लिहिलेल्या या कथेतील ही बाब आज वाचतानाही अस्वस्थ करते.

गंमत अशी की, झँगविल यांनी वाचकांच्या पत्रांची थट्टा कथेतच करून ठेवली होती. कथेतील वृत्तपत्रांकडेही पत्रांचा पाऊस पडतो. कोणी पो यांच्या कथेची आठवण काढून माकडावर संशय घेतो. एक पत्रलेखक तर विलक्षण आहे. व्हाइटचॅपलच्या हत्यांच्या वेळी त्याने कॉरोनरच खुनी असल्याचे सुचवले होते, पण कोणी ऐकले नाही. आता तो म्हणतो की, ज्यांनी प्रेत प्रथम पाहिले त्या दोघांनीच ही सारी हकीकत रचलेली नाही कशावरून? हास्यास्पद वाटणाऱ्या या पत्रांत अतिशय बुद्धिमान तर्कही मिसळलेले आहेत, आणि कोणता तर्क हसण्यावारी न्यावा आणि कोणता गंभीरपणे घ्यावा हे वाचकाला कळू नये, हीच लेखकाची खरी युक्ती आहे.

कथेबाहेरचे वाचकही मागे राहिले नाहीत. कोणाला घरमालकीण दोषी वाटली, कोणाला कवी, कोणाला मोची. प्रत्येकाला आपलाच उलगडा अचूक असल्याची खात्री होती. कथा संपल्यावर झँगविल यांनी संपादकांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी असे सांगितले की, आरंभी खुनी कोण हे त्यांनाही ठाऊक नव्हते. वाचकांनी ज्याचे नाव कळवले त्याला निर्दोष ठरवायचे असा त्यांनी निश्चय केला. असे करता करता सारी पात्रे सुटली, एकच उरले आणि नाइलाजाने त्यालाच खुनी करावे लागले. ते पात्र आपल्याला आवडत होते, याबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला.

हा निव्वळ विनोद होता. परंतु पुष्कळांनी तो खरा मानला. रोजच्या रोज कथा लिहिणारा हा तरुण शेवट न ठरवताच लोकांना फिरवत होता, असा समज पसरला. अखेर पुस्तकाच्या प्रस्तावनेत झँगविल यांना खुलासा करावा लागला. रहस्यकथेचा शेवट आधी ठरल्यावाचून पहिले प्रकरण लिहिताच येत नाही, दुवे आरंभापासून पेरावे लागतात, असे त्यांनी स्पष्ट केले. चांगले रहस्य वाचकाला सोडवता येण्याजोगे असावे आणि तरीही त्याने ते सोडवू नये, आणि शेवटी लेखकाने दिलेल्या उत्तराने त्याचे समाधान व्हावे, अशी त्यांची कसोटी होती. रहस्यकथेच्या नियमांची चर्चा विसाव्या शतकात फार झाली. पण एवढ्या थोडक्यात मूळ मुद्दा सांगणारे त्यांच्याआधी कोणी नव्हते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या कथेविषयी वाचकांत आजही दोन तट आहेत. काहींना वाटेतील विनोद आणि तत्त्वचर्चा लांबलेली वाटते, कवी व मोची यांचे संवाद कंटाळवाणे वाटतात. काहींना त्या संवादांतच खरी लज्जत सापडते. ज्यांनी नंतरच्या काळातील पुष्कळ रहस्यकथा वाचल्या आहेत, त्यांना उत्तराचा अंदाज लवकर येतो. तो दोष कथेचा नव्हे. तिची युक्ती नंतरच्यांनी इतक्या वेळा वापरली की मूळ कथाच अनुकरणासारखी भासू लागली. अमेरिकन लेखक जॉन डिक्सन कार यांनी १९३५ मधील ‘द हॉलो मॅन’ या कादंबरीत बंद खोलीच्या खुनांचे प्रकार सांगणारे एक व्याख्यानच आपल्या नायकाच्या तोंडी घातले आहे. त्यात या युक्तीच्या शोधाचे श्रेय झँगविल यांना नाव घेऊन दिले आहे. ती युक्ती कोणती, हे अर्थातच येथे सांगणे योग्य होणार नाही.

एक योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. शेरलॉक होम्सच्या लघुकथा ‘स्ट्रँड’ मासिकात १८९१ च्या जुलैमध्ये सुरू झाल्या, म्हणजे झँगविल यांच्या कथेच्या महिनाभर आधी. कॉनन डॉइल पुढे चाळीस वर्षे होम्सच्या मागे आणि होम्स त्यांच्या मागे राहिला. झँगविल यांनी मात्र एका विजयानंतर हे क्षेत्र सोडून दिले.

कारण त्यांच्या मनात दुसरे पुस्तक होते. अमेरिकेतील ज्यू पब्लिकेशन सोसायटीच्या मागणीवरून लिहिलेली ‘चिल्ड्रन ऑफ द घेटो’ ही कादंबरी १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. शिंपीकाम करणारी, फेरी करणारी, उपाशीपोटी सण साजरे करणारी पूर्व लंडनमधील ज्यू माणसे प्रथमच इंग्रजी साहित्यात आतून पाहिली गेली. समीक्षक त्यांना ज्यू वस्तीचे डिकन्स म्हणू लागले. ‘द किंग ऑफ श्नोरर्स’ हे १८९४ मधील पुस्तक भिक्षेकऱ्यांच्या एका राजाची कथा सांगते. भीक मागणे हा आपला हक्क आणि देणे हे श्रीमंतांचे भाग्य, असे मानणारा तो मानी भिकारी वाचकांना अतिशय आवडला.

नोव्हेंबर १८९५ मध्ये व्हिएन्नाहून आलेला एक पत्रकार लंडनच्या किलबर्न भागातील त्यांच्या घरी पोहोचला. पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या झँगविल यांच्याशी त्याने फ्रेंचमध्ये कसाबसा संवाद साधला. तो पत्रकार होता थिओडोर हर्झल आणि ज्यूंसाठी स्वतंत्र राज्य असावे, ही कल्पना घेऊन तो आला होता. झँगविल यांनी लंडनमधील प्रतिष्ठित ज्यू मंडळींशी त्याची गाठ घालून दिली. दोन वर्षांनी बाझल येथे भरलेल्या पहिल्या झायोनवादी परिषदेस ते उपस्थित होते.

येथून त्यांच्या आयुष्यातील मोठा वाद सुरू होतो. पॅलेस्टाइन हा लोकांवाचूनचा देश आणि ज्यू हे देशावाचूनचे लोक, अशा आशयाचे विधान त्यांनी १९०१ मध्ये केले. हे वाक्य त्यांच्याआधीही काही ख्रिस्ती लेखकांनी वापरले होते. परंतु ते झँगविल यांच्याच नावावर चिकटले. पुढच्या तीन-चार वर्षांतच त्यांनी जाहीरपणे भूमिका बदलली. जेरुसलेम परिसरात अरबांची दाट वस्ती आहे आणि तिकडे डोळेझाक करता येणार नाही, असे ते बजावू लागले. पण वाचकांनी उत्तर आधीच ठरवले होते. विधान उरले, दुरुस्ती विस्मरणात गेली. ‘द स्टार’मधील पत्राचे जे झाले होते, तेच येथे झाले, फक्त यावेळी विषय थट्टेचा नव्हता.

रशियातील किशिनेव्ह येथे १९०३ मध्ये ज्यूंची कत्तल झाली. ब्रिटिश सरकारने पूर्व आफ्रिकेतील भूभाग देऊ केला. हर्झल यांच्या निधनानंतर १९०५ च्या परिषदेने तो प्रस्ताव फेटाळला, तेव्हा झँगविल बाहेर पडले. जीव वाचवणे महत्त्वाचे, भूमी कोणतीही चालेल, असे म्हणत त्यांनी ज्यू टेरिटोरियल ऑर्गनायझेशन ही संस्था स्थापन केली. उत्तर आफ्रिकेतील सायरेनेका, अंगोला, मेसोपोटेमिया अशा अनेक ठिकाणी वसाहतीची शक्यता तपासण्यात आली. कोठेच यश आले नाही. मात्र अमेरिकन बँकर जेकब शिफ यांच्या साहाय्याने १९०७ ते १९१४ या काळात सुमारे १०,००० ज्यू निर्वासित टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन बंदरातून अमेरिकेच्या अंतर्भागात जाऊन स्थिरावले. या माणसांचे प्राण आणि संसार वाचले, ही त्यांच्या संस्थेची ठोस कमाई म्हणावी लागेल.

त्यांच्या विचारांत विसंगतीही होत्या आणि त्या झाकण्याचे कारण नाही. १९१७ च्या बाल्फोर घोषणेच्या सुमारास ते पुन्हा पॅलेस्टाइनकडे वळले, तेव्हा तेथील अरबांनी अन्यत्र स्थलांतर करावे, असा विचार त्यांनी मांडला. अरबांचे अस्तित्व इतरांआधी ओळखणाऱ्या लेखकाने काढलेले हे उत्तर आज वाचवत नाही.

वैयक्तिक आयुष्यातही त्यांनी रूढी मोडली. १९०३ मध्ये त्यांनी ईडिथ एर्टन या ज्यू नसलेल्या लेखिकेशी विवाह केला. ईडिथ यांचा भारताशी एक दूरचा धागा आहे. त्यांचे वडील, प्रसिद्ध विद्युत अभियंता विल्यम एर्टन, १८६८ पासून काही वर्षे भारत सरकारच्या तार खात्यात काम करत होते. ईडिथ यांचा जन्म मात्र पुढे जपानमध्ये झाला. त्यांच्या सावत्र आई हर्था एर्टन या नामवंत शास्त्रज्ञ आणि मताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या होत्या. झँगविल या चळवळीत मनापासून उतरले. ९ फेब्रुवारी १९०७ रोजी तीन हजारांहून अधिक स्त्रिया लंडनच्या चिखलातून मोर्चाने एक्झेटर हॉलपर्यंत गेल्या, तेव्हा तेथील सभेत ते एक वक्ते होते. स्त्रियांच्या बाजूने बोलणारा पुरुष म्हणून व्यंगचित्रकारांनी त्यांना सोडले नाही.

५ ऑक्टोबर १९०८ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांच्या ‘द मेल्टिंग पॉट’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. किशिनेव्हच्या कत्तलीतून वाचलेला एक संगीतकार आणि ती कत्तल घडवणाऱ्या अधिकाऱ्याची मुलगी यांची ही प्रेमकथा. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट प्रेक्षागृहात होते आणि प्रयोग संपताच त्यांनी आपल्या आसनावरूनच मोठ्याने दाद दिली. सर्व वंशांचे लोक वितळून एक होतील, अशा मुशीची उपमा अमेरिकेला कायमची चिकटली, ती या नाटकामुळे. समीक्षकांना नाटक भाबडे वाटले. स्वतःची ओळख गमावण्याचा उपदेश म्हणून अनेक ज्यूंनी त्यावर टीका केली. प्रेक्षकांनी मात्र ते डोक्यावर घेतले.

अखेरची वर्षे सुखाची नव्हती. १९२३ मध्ये न्यूयॉर्क येथील भाषणात त्यांनी राजकीय झायोनवाद संपल्याचे सांगितले आणि उरलेसुरले मित्रही दुखावले. नाटके स्वतः रंगभूमीवर आणण्याच्या प्रयत्नात मोठा आर्थिक फटका बसला, प्रकृती खालावली, निद्रानाशाने ग्रासले. त्यांची संस्था १९२५ मध्ये विसर्जित झाली. १ ऑगस्ट १९२६ रोजी ससेक्स परगण्यातील मिडहर्स्ट येथे, वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पंधरवड्यात लिहिलेली कथा मात्र जगत राहिली. १९२८, १९३४ आणि १९४६ असे तीन वेळा तिच्यावर हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाले. त्यांपैकी ‘द व्हर्डिक्ट’ हा १९४६ चा चित्रपट डॉन सीगल यांनी दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय.

पूर्व लंडनमधील ओल्ड फोर्ड रोडवर झँगविल ज्या घरात काही काळ राहिले, तेथे त्यांच्या स्मरणार्थ निळा फलक बसवलेला आहे. त्यावर त्यांचा उल्लेख लेखक आणि लोकहितकर्ता असा केला आहे; रहस्यकथेविषयी काही नाही. तोच रस्ता पुढे पूर्वेला बोकडे जातो.